वरच्या शिडीपाशी मारलेल्या हाका

वरच्या शिडीच्या तोंडाशी बापूभाऊ खाली बसले ते उठंनातच. दोन्ही हातांनी रेलिंग धरलेलं, डोळं गच्च मिटलेलं.

"ताई, मला न्हाई जमायचं. खालचं काय दिसतच न्हाई."

"दिसत न्हाई तेच बरंय भाऊ. दिसलं असतं तर आनखीन भ्याला असता."

मी हसून म्हनलं, पर हसू खरं नव्हतं. वारं असं की पाऊस वरनं पडायचा सोडून बाजूनं येत हुता. धुकं इतकं दाट झालं हुतं की बापूभाऊंच्या मागं उभी त्यांची आई कौसामावशी आन् बायको सुनीता, दोघींची तोंडं तेवढी दिसत हुती. पाय दिसत नव्हतं.

मी हिरा. कळसूबाईच्या पायथ्याला आमची वाडी हाय. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हनून लोकं लांबलांबनं येत्यात आन् मी त्यांना वर नेती, खाली आनती. गाईड म्हनत्यात. आमचे मालक नाशकाला कंपनीत हायेत. पोरगी दीड वर्साची, ती सासूबाईंजवळ ठिवायची आन् कामाला निघायचं. काम कुनाला द्यायचं ते तात्या ठरवत्यात. तात्या म्हंजे आमच्या वाडीतले सगळ्यात जुने गाईड. त्यांच्या वट्यावर माणसं जमत्यात आन् तिथनंच आमी वर जातो.

शिडी म्हनलं की तुमाला घरातल्या माळ्याची शिडी वाटंल. तशी न्हाई. उभ्या कातळाला लोखंडी जिना ठोकलाय, पायऱ्या अरुंद, बाजूला बार. वाटेत अशा शिड्या हायेत, वरची सगळ्यात अवघड. शहरातली लोकं उतरताना जिन्यावानी तोंड बाहेर करून उतरत्यात. पावसाळ्यात तसं उतरायचं न्हाई. तोंड कातळाकडं, पाठ दरीकडं, एक पाय खाली, मग दुसरा. एका टायमाला एकच मानूस. भ्यालेलं मानूस असलं तर गाईडनं खाली राहून त्याचा पाय हातानं धरून पायरीवर ठिवायचा. ट्रेनिंगमधी आमाला हेच घोटून घेतलंय.

म्हंजे मला बापूभाऊंसंगं खाली जायचंच हुतं. दुसरा गाईड नव्हता. मंगळवार हुता, माणसं तीनच, म्हनून तात्यांनी एकटीला धाडलं हुतं. सकाळी तर ऊन पडलं हुतं.

मी दोघींना एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवलं. "इथंच बसा. पाठ दगडाला लावा. काय बी झालं तरी हलू नका. भाऊंना खाली सोडते आन् लगेच येते."

"जा बाई," मावशी म्हनल्या. "आमी काय पळून जातोय व्हय?"

मावशींचे दात वाजत हुते. मला ते आवडलं न्हाई.

त्या मिरजगावकडच्या. जीप करून आलेल्या. सुनीताला लगीन झाल्यावर लई वर्सं मूल नव्हतं, तवा मावशींनी नवस बोलला हुता. नातू झाला तर मी सोता डोंगर चढून कळसूबाईची वटी भरीन, अनवानी, आन् देवीचं तोंड बघितल्याबिगर पान्याचा थेंब घेनार न्हाई. नातू झाला. सहा महिन्याचा, गुटगुटीत, टाळू तेलानं चपचपीत. सकाळी तात्यांच्या वट्यावर त्यावरनंच भांडान झालं.

"पोराला वर न्यायचं न्हाई," मी म्हनलं.

"का न्हाई? ज्याच्यासाठी नवस बोलला त्यालाच खाली ठिवायचं?"

"मावशी, श्रावन हाय. वर वारं बघा. माजी पोरगी मी अजून एकदा बी वर न्हेली न्हाई, आन् मी हितलीच हाय."

"तुजी पोरगी नवसाची हाय का?"

"नवसाची नसली तरी माजीच हाय की."

तात्या हसले. बापूभाऊ बी हसले. मग सुनीता हळूच म्हनली, "आत्याबाई, राहू द्या की त्याला खाली." मावशींनी तिच्याकडं असं बघितलं की ती गप झाली. पर मावशींनी हट्ट सोडला. पोर माज्या सासूबाईंच्या मांडीवर गेलं आन् माज्या पोरीचा खुळखुळा घिऊन बसलं. त्या एका भांडनात मी जिंकले. त्या दिवशी तेवढंच एक जिंकले.

उपास सोडा म्हनून बी मी लई सांगितलं. निदान गुळाचा खडा तोंडात ठिवा. न्हाई म्हंजे न्हाई.

लोकं मला इचारत्यात, ताई कवा यावं, कवा सेफ असतं? मी म्हनती सेफ कवाच नसतं, भ्या बदलतं. उन्हाळ्यात भ्या पानी संपायचं. वाटेवरचा मुरूम वाळून सुटा हुतो, त्यावरनं पाय असा जातो जसा ज्वारीच्या दान्यावरनं जावा. कोंबडं आरवायच्या आत निघायचं आन् ऊन तापायच्या आत शिड्या उतरून यायचं. वरची हीर आटलेली असती, तिच्या भरोशावर जायचं न्हाई. हिवाळा सगळ्यात चांगला. आभाळ निवळ असतं, पार लांबचे किल्ले दिसत्यात. पर सकाळचं लोखंड हाताला चावतं आन् वारं मानसाला शिडीवरनं उचलतंय का काय असं वाटतं. तवा कानाला बांधायचं आन् घाम आला तरी वर गेल्यावर लगेच स्वेटर काढायचा न्हाई. पावसाळ्यात मातर तीन गोष्टी. वढ्याचं पानी गढूळ झालं की तिथनंच मागारी. धुकं उतरलं की एकमेकांचा हात सोडायचा न्हाई. आन् अंगातलं भिजलेलं लुगडं, शर्ट काय असंल ते, थंडी वाजायला लागायच्या आधी बदलायचं. वाजायला लागल्यावर उशीर झालेला असतो.

मावशी सुती नऊवारी नेसलेल्या. मी प्लास्टिकचा पोंचू घातला हुता त्यांना, वाऱ्यानं तो वरच्या पठारावरच टराटरा फाटला. अनवानी पाय घसरत न्हाई तेवढा, पर गारठा पायातनंच वर चढतो.

देवळात मातर मावशी आनंदल्या. ल्हान देऊळ ते, चार मानसं मावतील एवढंच. देवीची वटी भरली, हिरवा खन, नारळ, तांदूळ. देवीच्या तोंडाकडं बघून रडल्या. मग मी गुळाचा खडा दिला, पानी दिलं, एवढंसंच घेतलं. "आता मेले तरी चालंल," म्हनल्या. सुनीता म्हनली, "आसं वंगाळ बोलू नका आत्याबाई, नातवाच्या लग्नात नाचायचंय तुमाला." "नाचीन की. तू नाचू दिलंस तर." आसं त्या दोघींचं चाललेलं. तवर धुकं आलं.

तर बापूभाऊंना मी खाली उतरवलं. एकेक पाय धरून. मधीच थांबायचे, मधीच म्हनायचे ताई हात सुटतोय. मी म्हनायचे न्हाई सुटत, पोराचं नाव काय सांगा. म्हनायचे शंभू. पुढच्या पायरीवर पुना, पोराचं नाव काय. शंभू. आसं करत खाली आनलं, कातळाला टेकवून बसवलं आन् मी वर पळाले. शिडीवर पळत्यात का कवा? मी पळाले.

दगडापाशी कोनी नव्हतं.

मला आधी वाटलं मी दुसऱ्याच दगडापाशी आले. पर फाटक्या पोंचूचा तुकडा तिथंच अडकलेला. त्या बाजूला वाट, ह्या बाजूला गवताचा उतार, आन् उतार संपला की काय न्हाई. नुसती दरी.

"कौसामावशीऽऽ!"

काय न्हाई. वारं.

आमी डोंगरातली मानसं धुक्यात एकमेकांना नावानं हाक मारत न्हाई. कूऽऽ करतो. समोरचा बी कूऽऽ करतो. आवाज लांब जातो. पर मला वाटलं खालच्या मुलखातल्या बाया ह्या, ह्यांना कूऽऽ काय कळायचं, नावानंच मारू. म्हनून मी नावानं हाका मारत सुटले. आधी वाटेकडं जाऊन, मग मागारी यिऊन उताराच्या कडंनं, मग देवळाकडं जाऊन. "कौसामावशीऽऽ! सुनीताऽऽ!" शिट्टी बी वाजवली. गळ्यात असती माज्या, ट्रेनिंगची. वाजवायची, थांबायचं, आयकायचं. काय न्हाई.

मोबाईलला तिथं एका कोपऱ्यात जराशी रेंज येती. तात्यांना फोन लावला.

"तात्या, दोघी बाया सापडंनात."

"दोघी? आन् बापू?"

"ते शिडीखाली हायेत. तात्या, लवकर या वो."

"रडू नको. हिरे, आयकतीस का? रडायचं न्हाई. उताराला तू एकटी उतरायचं न्हाई. दोर घिऊन आमी निघालो. तू हाका मारत रहा, जागा बदलत मारत रहा."

मी जागा बदलत हाका मारत राहिले. घसा बसला. आवाज फाटला. मला माजी पोरगी दिसत हुती आन् शंभू दिसत हुता, दोघं खुळखुळ्यावरनं भांडतायत आसं. मला वाटत हुतं ह्या बाया गेल्या. दरीत गेल्या. मी खाली जाऊन त्या पोराकडं कशी बघू?

मग मी शिडीच्या वरच्या दगडापाशी यिऊन बसलेच. बसून नुसती रडत हुते, तोंडानं काय काय बडबडत हुते, मला आठवत बी न्हाई. आन् एकदम जवळनं, आगदी जवळनं किंकाळी आली.

"ताईऽऽ! ओ ताईऽऽ! हिकडं!"

ज्या दगडाला मी त्यांना टेकवलं हुतं त्याच्याच पलीकडच्या अंगाला, जरा खाली, कातळाची एक कपार हाय. बकऱ्या राखनारी पोरं बसत्यात तिथं कवा कवा. मी हाका मारत हुते तिथनं एवढ्याशा अंतरावर. सुनीता गुडघ्यावर बसलेली आन् मावशी तिच्या मांडीवर आडव्या. व्हट निळं पडलेलं. थरथर थांबलेली.

तेच वाईट. ट्रेनिंगमधल्या सरांनी सांगितलेलं मला आठवलं. हायपोथर्मिया म्हनत्यात त्याला. आमची वाडीतली मानसं म्हनत्यात गारठा आत शिरला. मानूस कापतंय तवर बरं, आंग ऊब करायचा प्रयत्न करत असतं. कापायचं थांबलं की समजायचं आंग हरलं. आन् तसल्या मानसाला चोळायचं न्हाई, उठवून चालवायचं न्हाई, दारू पाजायची न्हाई. वल्लं काढायचं, कोरडं गुंडाळायचं, आपली ऊब द्यायची.

मी वल्लं लुगडं सोडवलं. माज्या पिशवीतली कोरडी चादर गुंडाळली, वर प्लास्टिकचा कागद. मी एका बाजूनं, सुनीता दुसऱ्या बाजूनं, मधी मावशी. पोरीला झोपवते तशी मी त्यांना छातीशी धरलं. लई वेळानं त्यांनी डोळं उघडलं. माज्या तोंडाकडं बघितलं.

"तू व्हय गं?"

"व्हय मावशी, मीच. हिरा."

"मला वाटलं..."

पुना डोळं मिटलं.

तात्या आन् वाडीची मानसं दोर, स्ट्रेचर घिऊन आली. मावशींना बांधून शिडीवरनं उतरवलं. बापूभाऊ खाली बसलेले, त्यांनी आईचं तोंड बघितलं आन् स्ट्रेचरची एक बाजू धरली. शिडीला भ्यालेला तो मानूस, पुढच्या शिड्या आईचं स्ट्रेचर धरून उतरला. कुनी त्यांना पाय ठिवायला सांगितलं न्हाई. खालच्या वढ्याच्या अलीकडं, भाताची खाचरं लागत्यात तिथं, तात्यांनी स्ट्रेचर खाली ठिवायला लावलं. मावशींच्या नाकापाशी हात न्हेला. मग टोपी काढली.

जीपनं राजूरला न्हेलं तरी. डॉक्टरनं बघून तेच सांगितलं.

बापूभाऊ आईसंगं राजूरलाच थांबले. जीपमधी चढताना मला म्हनले हुते, "आमची मानसं सोडून तू गेलीस कशी?" तात्या म्हनले, "बापू, ती तुला उतरवायला गेल्ती." ते म्हनले, "मला म्हाईत हाय. म्हनून तर." आन् रडायला लागले.

सुनीता तात्यांच्या वट्यावर बसून हुती. पोर भुकेनं रडत हुतं, ती त्याच्याकडं बघत बी नव्हती. सासूबाईंनी तिच्या पदरात घातलं तर हात उचलंना. मग सासूबाईंनी माज्याकडं बघितलं. मी पोराला घेतलं आन् पाजलं. माजी पोरगी यिऊन माजा पदर वढायला लागली, हे कोन म्हनून. पोर गप झालं. तवा सुनीता बोलली.

"ताई, तुमच्या हाका आयकू येत हुत्या."

मी पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं.

"आत्याबाईंना वारं सोसंना म्हनून आमी त्या कपारीत गेलो. तुमी वरडलात. मी ओ देनार, तर आत्याबाईंनी माज्या तोंडावर हात ठिवला. म्हनल्या, ओ दिऊ नको. हाकामारी हाय."

आमच्याकडं बी म्हनत्यात ते, पर जुनी मानसं. हाकामारी म्हंजे वळखीच्या आवाजात नाव घिऊन हाक मारनारी. तिला ओ दिली की मानूस जातं. म्हनून पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, एकाच जागेवरनं तीनदा हाक आली तरच मानूस समजायचं.

"मी म्हनलं आत्याबाई, ताईच हाय. त्या म्हनल्या, ताई तर बापूला घिऊन खाली गेलीया. आन् बघ, आत्ता हिकडनं आली हाक, आत्ता तिकडनं. मानूस आसं दोन्हीकडं आसतं का? मग तुमी शिट्टी वाजवली. म्हनल्या, बघ, आता शीळ घालाय लागली. आवाज बी वेगळा झाला हुता वो तुमचा, फाटल्यावानी. मला बी भ्या वाटाय लागलं."

"मग ओ कशी दिलीस?"

ती म्हनली, "त्यांचा हात माज्या तोंडावरनं आपसूक खाली पडला."

तात्या उठून आत गेले. सासूबाई पदरानं डोळं पुसत म्हनल्या, "अगं, नातवाच्या आईला वाचवत हुती ती." सुनीता म्हनली, "व्हय. घट्ट धरलं हुतं मला. सोडायलाच तयार नव्हत्या."

पोलीस आले, पंचनामा झाला. म्हनले अपघात. तात्यांनी त्या दिवसापासनं पावसाळ्यात दोन गाईडशिवाय ग्रुप वर सोडायचा न्हाई आसं ठरवलं, मानूस एक आसलं तरी. एक म्होरं, एक मागं. बरोबर हाय. पर मला म्हाईत हाय, मागं गाईड आसता तरी एखांदं मानूस धुक्यात चुकनारच, आन् हाक मारावीच लागनार.

मी आठवडाभर वर गेले न्हाई. तात्या बोलवायला आले तर म्हनलं, माज्यानं न्हाई व्हायचं. ते म्हनले, "तू न्हाई गेलीस तर ती मानसं जायची थांबत्यात व्हय? ती एकटी जात्याल." मग गेले. वरच्या शिडीपाशी गेलं की अजून छाती धडधडती. शहरातल्या पोरांना वाटतं ताईला दम लागला.

आता निघायच्या आधी वट्यावर मी सगळ्यांना उभं करती. शहरातली आसू द्या न्हाई तर गावाकडची, म्हातारी आसू द्या न्हाई तर तरनी. आधी बुटाचं तळवं बघती, पान्याच्या बाटल्या बघती, उपास हाय का इचारती आन् आसला तर सरळ सांगती की मावशी, देवी खाऊन आलेल्याची बी वटी घेती. मग हाकेचं सांगती. धुक्यात चुकलात तर जिथं हाय तिथंच बसा. मी एका जागेवर उभी राहून तीनदा हाक मारीन आन् मगच जागा बदलीन. तुमी पहिल्याच हाकेला ओ द्या. काही जनी हसत्यात. काही म्हाताऱ्या हसत न्हाईत, एकमेकींकडं बघत्यात. त्यांच्यासाठीच सांगते मी ते.

मागं एका आजीनं इचारलं, "आन् पोरी, ती खरंच हाकामारी आसली तर?"

मी म्हनलं, "आजी, तिला ओ दिल्यावर काय हुतं ते मी बघितलं न्हाई. मला ओ न्हाई दिली तर काय हुतं ते बघितलंय."